माशांचा पंखा

मी शेवटची बाहेर पडले की घर मरतं, असं माझा मुलगा म्हणतो. म्हणू दे. चपला पायात सरकवण्याआधी मी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारतेच. दिवे, पंखे, टीव्हीचा तो लाल डोळा, इस्त्रीची पिन, गॅसचा कॉक, खिडक्यांच्या कड्या. घरात माणूस नसताना पंखा वारा घालणार कुणाला, भिंतींना? एकदा या फेरीत मी फ्रीजही बंद केला होता आणि आठवड्याने परतलो तेव्हा जिन्यातच वास आला, ते पुराण आमच्याकडे आल्यागेल्याला अजून ऐकवतात. पण इतक्या वर्षांत या घरात कधी काही जळलं नाही, वितळलं नाही, वाहून गेलं नाही. ते कुणामुळे, हे कुणी ऐकवत नाही.

माझं तोंड फाटकं आहे, हेही नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत मी जेमतेम अक्षरओळख होईपर्यंत गेले, त्यामुळे गोड बोलायचा धडा येईपर्यंत माझी शाळाच सुटली. पण खोटं बोलणं मला कधी जमलं नाही आणि त्याचा मला ताठा होता. सून तिच्या आईला फोनवर सांगत होती, "आई बोलतात ते झोंबतं गं, पण त्यांच्या शब्दावर डोळे मिटून चालावं." हे मी दाराआडून ऐकलं. दाराआडून ऐकलं हेही सांगूनच टाकते.

तर ते मासे. लोकांच्या सुना माहेरून भांडीकुंडी आणतात, आमचीने मासे आणले. तिचे वडील गेले, घर भावांनी वाटून घेतलं, कपाटं वाटली, गाद्या वाटल्या, माशांची काचपेटी मात्र कुणालाच नको होती. ही ती मांडीवर घेऊन आली. म्हणजे पेटी मुलाने डोक्यावरून चढवली आणि मासे हिच्या मांडीवर, पाण्याने भरलेल्या पिशवीत. मी दारातच म्हटलं, "चार तोंडं वाढली म्हणायची." ती हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

चार मासे, चारही सोनेरी. त्यातला एक माझ्या तळहाताएवढा, पाठीवर पांढरा डाग असलेला. त्याचं नाव मुकादम. बाकीचे तिघे कुठे घुटमळले की तो मागून जाऊन ढकलतो, कामाला लावतो. हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं. त्यांनी तो नखाएवढा असताना आणला होता म्हणे, आणि ते बोटातल्या अंगठीने काचेवर टिचकी मारायचे तेव्हा तो वर यायचा. सून टिचकी मारत नाही. नुसती समोर बसते. एकदा त्यांना दाणे टाकताना ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "बाबांच्या हातचं खाल्लेली या घरात माझ्याशिवाय ही एवढीच तोंडं." मी शेजारी भाजी निवडत होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं. अशा बोलण्यावर काय बोलायचं ते मला येत नाही, आणि येत नाही ते मी करत नाही.

पेटी ठेवली ती माझ्या बुटक्या कपाटावर. लग्नानंतर आम्ही दोघांनी घेतलेली ती पहिली वस्तू. दर वर्षी मी त्याला स्वतःच्या हाताने पॉलिश करते. आमचं घर सगळ्यांत वरच्या मजल्यावर, उन्हाळ्यात डोक्यावरचा स्लॅब तव्यासारखा तापतो. या मासळीला गार पाणी लागतं. म्हणून सूनबाईंनी पेटीचं काचेचं झाकण काढून ठेवलं आणि काठाला चिमट्याने एक छोटा पंखा अडकवला. तो पाण्यावरून वारा घालायचा. पाण्याचे बारीक तुषार कपाटावर उडायचे आणि माझ्या पॉलिशवर पांढरे चट्टे उठायचे.

"माशांना पंखा!" मी म्हटलं. "उद्या उशी दे. परवा पायाला तेल लाव."

"आई, पाणी तापलं की त्यांचा श्वास कोंडतो," ती म्हणाली. "गरम पाण्यात हवा टिकत नाही."

"माझं बाळंतपण पत्र्याखाली झालं. मला कुणी पंखा लावला नव्हता."

"म्हणून तर तू एवढी तापट," आमचे हे मध्येच म्हणाले. हे घड्याळं दुरुस्त करायचे. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस, दिवसातून चार वाक्यं बोलतो आणि चारही मला लागतात.

*

मग सुनेच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ती आठवडाभर तिकडे जायला निघाली. मुलगा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, तो बाहेरगावीच होता. पिशवी खांद्याला लावून ती मला म्हणाली, "आई, दाणे नाही टाकलेत तरी चालेल. पेटीतलं काही करू नका. फक्त हा पंखा तेवढा बंद करू नका. आणि न्हाणीघरातली निळी बादली ओतू नका, ते पाणी माशांसाठी मुरत ठेवलंय."

"बरं."

"तुमची ती फेरी असते ना, म्हणून म्हटलं."

"बरं म्हटलं ना."

ती गेली आणि मी बघते तर काय, पंख्याच्या बटणावर हिने चिकटपट्टी लावलेली. आडवी-उभी, चांगली फुलीसारखी. लहान मुलाने हात लावू नये म्हणून लावतात तशी. माझ्याच घरात, माझ्याच भिंतीवरच्या बटणाला.

दोन दिवस मी त्या फुलीकडे बघत काढले. येता बघायचं, जाता बघायचं. निळी बादली मी पहिल्याच सकाळी ओतून टाकली होती, शिळं पाणी घरात ठेवत नाहीत. तेव्हा खरंच माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. बादलीचं मी विसरले. पंख्याचं विसरले नाही, हे मला सांगायचंय.

तिसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीने नवीन घर बघायला बोलावलं होतं. हे दारात छत्री घेऊन उभे, ऊन नुसती आग ओकत होतं. मी फेरीला निघाले. दिवे, इस्त्री, खिडक्या. पेटीपाशी आले. काठाला टांगलेल्या फिल्टरच्या डब्यातला पंप बुडबुडत होता, तो मी तसाच ठेवला, माशांना हवा लागते एवढं मलाही कळतं. पंखा वारा घालत होता. कपाटावर चट्टे. बटणावर फुली.

मी नखाने पट्टीचं टोक उचललं आणि फर्रकन ओढली. बटण बंद केलं. कपाट कोरडं पुसलं आणि काचेचं झाकणही पेटीवर नीट बसवलं. मुकादम काचेशी येऊन माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "बघतोस काय? एक दुपार. मरत नाहीस."

पट्टीची गोळी करून पर्समध्ये टाकली आणि जिना उतरले. मनात काय होतं ते सांगते. मनात हे होतं, की ती आली की सांगेन, बघ, तुझ्या पंख्यावाचून काही अडलं नाही.

*

बहिणीचं घर बघण्यात, तिच्या नव्या ओट्याला नावं ठेवण्यात दुपार गेली. उन्हं कलल्यावर परतलो. दार उघडलं तर आतली हवा अंगावर आली, बंद ट्रंक उघडावी तशी. मी खिडक्या उघडत गेले आणि पेटीपाशी थांबले.

चौघेही वर होते. पाण्याच्या अगदी टोकाला, झाकणाखाली, तोंडं वर करून. उघडमीट, उघडमीट. त्यात आवाज काही नव्हता आणि तेच वाईट होतं. काचेला उष्णता बघायची एक पट्टी चिकटवलेली आहे, सून म्हणते हिरव्यावर असलं की ठीक. त्या दिवशी हिरव्याच्या कितीतरी वर, लालात होती. मी झाकण काढलं तर खालून वाफ लागली हाताला. पाण्यात बोट घातलं. अंघोळीचं पाणी.

मुकादम बाकीच्यांना ढकलत नव्हता. तो एका कोपऱ्यात होता, आणि त्याचे कल्ले असे फाकलेले की आतलं लाल दिसत होतं.

"पंखा कुणी बंद केला?" यांनी विचारलं.

मी बटण चालू करत होते. माझी पाठ त्यांच्याकडे होती. "लाईट गेली असेल दुपारी," मी म्हटलं. कुठून आलं ते वाक्य कोण जाणे. तोंडात तयारच बसलेलं होतं.

मी पळत जाऊन बर्फाचा ट्रे आणला आणि तो पेटीवर उलटा करणार तोच यांनी माझं मनगट धरलं.

"अगं, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं की काय होतं? तडकते. मग हा तर जीव आहे."

"मग करू काय? बघत बसू?"

"ज्याचं घड्याळ त्याला विचारावं. तिला फोन कर."

फोन पर्समध्ये होता. बाहेर काढला तर मागच्या बाजूला ती चिकटपट्टीची गोळी चिकटून आली. मी ती अंगठ्याने ढकलली तर अंगठ्याला चिकटली. झटकली तर दुसऱ्या बोटाला. तशीच बोटाला घेऊन मी नंबर लावला.

"आई? काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"तुझे मासे वर आलेत. पाणी तापलंय."

ती म्हणाली, "पंखा?"

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते. यांच्यापुढे एकदा बोललेलं होतं, तेच पुढे ढकलायचं सोपं होतं. "लाईट गेली होती," मी म्हटलं. "दुपारभर. आम्ही बाहेर होतो."

तिने शंका काढली नाही. एकदाही नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर चार प्रश्न विचारले असते तिने. मी सांगितलं म्हणून धरून चालली.

"बरं. बर्फ थेट टाकू नका. पिशवीत बांधून, नाहीतर बाटलीत भरून तरंगत ठेवा. हळूहळू गार व्हायला हवं. पेटीतला दिवा लावू नका. आणि त्या निळ्या बादलीतलं थोडंथोडं पाणी..."

"ती सांडली."

खोटं एकटं येत नाही, पाठोपाठ धाकट्या भावंडाला घेऊन येतं.

"सांडली? बरं, असू दे. नळाचं ताजं ओतू नका, त्यात औषध असतं." मग तिचा आवाज बदलला. "आई, थांबा. लाईट दुपारभर नव्हती म्हणजे फिल्टरपण बंद होता ना? मग तो आत्ता चालू असला तर आधी बंद करा! त्या डब्यात पाणी साचून सडलं असणार, ते विष असतं. तो डबा काढून बाजूला ठेवा. मी सकाळी पहिल्या गाडीने येते."

"अगं तुझ्या आईचा डोळा..."

"भाऊ आहे इथे. तुम्ही फिल्टर काढा."

मी फोन ठेवला. फिल्टर बुडबुडत होता. दिवसभर बुडबुडत होता, एक मिनिट थांबला नव्हता. त्यात काही सडलं नव्हतं. पण लाईट गेली होती असं मीच म्हटलं होतं, आणि लाईट गेली असेल तर फिल्टर काढायलाच हवा. मी उभी राहिले आणि विचार केला, की ठेवावा चालू, तिला काय दिसतंय? पण मला या मासळीतलं कळतं किती? आत आणखी काही बिघडलं असेल तर? ती जाणती, ती म्हणते काढा. खरं म्हणजे मला तेव्हा नीट विचारच करता येत नव्हता. मी पंप बंद केला आणि डबा उचलून मोरीत ठेवला.

बुडबुडे थांबले. घर एकदम गप्प झालं.

*

आमच्या फ्रीजमध्ये तो एक ट्रे, तोही अर्धा. बर्फ हवा होता. समोरच्या दारात बर्फ होता, त्यांच्याकडे मोठं फ्रीजर आहे. पण समोरचीशी माझं बोलणं नव्हतं. तिने जिन्यात चपलांची मांडणी अशी ठेवली की माझं दार अर्धंच उघडतं, आणि त्यावर मी जे बोलले ते तिच्या सात पिढ्यांना पुरेल एवढं होतं.

मी बेल वाजवली.

तिने दार उघडलं आणि माझ्याकडे बघून आधी स्वतःच्या चपलांकडे बघितलं.

"चपलांचं नाही," मी म्हटलं. "बर्फ हवाय. असेल तेवढा."

"कोण आजारी आहे का?"

"मासे."

"मासे?" तिला हसावं की नाही ते कळेना. "आणायचेत की आणलेत?"

"पाळलेत. सुनेचे. तापलेत."

मी आयुष्यात कुणाच्या दारात एवढी लहान उभी राहिले नव्हते. तिने आत जाऊन दोन पिशव्या भरून बर्फ आणला, वर एक गोठलेली पाण्याची बाटलीही. देताना म्हणाली, "बर्फ आहे हो आमच्याकडे भरपूर. तुमच्यासारख्यांच्या शेजारी राहायचं म्हणजे ठेवावा लागतो." मी खाली मान घालून घेतला. दुसऱ्या कुठल्या दिवशी या वाक्याला मी असं उत्तर दिलं असतं की तिची मांडणी आपोआप आत गेली असती.

बाटली तरंगत ठेवली. बर्फाच्या पिशव्या बांधून कोपऱ्यांत सोडल्या. पंखा पाण्याकडे आणखी वाकवला. हे स्टूल घेऊन पट्टीसमोर बसले, डोळ्याला जुनं भिंग लावून, जणू ती पट्टी म्हणजे एखादं मनगटी घड्याळ.

"उतरतंय का?"

"उतरतंय. हळू."

पण मासे खाली जाईनात. उलट आणखी वर येऊन पाण्याच्या कातडीला चिकटले. सगळ्यांत लहान होता, ज्याला कुणी नावही ठेवलं नव्हतं, तो एका कुशीवर कलला. शेपटी एकदा हलली. मग तो नुसता पाण्यावर होता. मी तळहाताने त्याला सरळ केलं, तो परत कलला. मी परत सरळ केलं.

"सोड त्याला," हे म्हणाले.

"गार तर होतंय ना पाणी! मग का?"

"गार होतंय. पण हवा कुठाय?"

मी मोरीतल्या डब्याकडे बघितलं.

हे उठले. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि तिथूनच म्हणाले, "ओव्हनवरचं घड्याळ बरोबर चाललंय."

"मग?"

"लाईट गेली की ते शून्यावर मिचमिचायला लागतं. आज मिचमिचत नाहीये. एवढंच सांगतोय."

एवढंच सांगून ते पुन्हा स्टुलावर येऊन बसले, भिंग लावून. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी भांडले असते, मला सोपं गेलं असतं.

मुकादम कलायला लागला होता. पाठीवरचा पांढरा डाग बाजूला येत होता, मग तो जोर करून सरळ व्हायचा, मग परत डाग बाजूला. त्याला तिचा बाप अंगठीने बोलवायचा. वैद्याला रोग खोटा सांगितला की औषध बरोबर असूनही माणूस मरतं. इथे वैद्य तिकडे दुसऱ्या गावी आईच्या उशाशी बसलेली, आणि रोगी माझ्या कपाटावर, आणि मध्ये मी.

मी तिला फोन लावला.

"आई, काढला ना फिल्टर? आता कसे आहेत?"

"लाईट गेली नव्हती," मी म्हटलं.

"काय?"

"लाईट गेली नव्हती. पंखा मी बंद केला. फिल्टर दिवसभर चालू होता, मी त्याला हात लावला नव्हता. तू सांगितलंस तेव्हा काढला. बादलीही सांडली नाही, मी ओतली. आता काय करू ते सांग. मला मग काय बोलायचं ते बोल, आधी हे सांग."

तिकडे कुणीतरी मागे खोकलं, तिची आई असेल. मग ती बोलली ते अगदी सपाट आवाजात, ऑफिसातलं माणूस बोलतं तसं.

"फिल्टर परत लावा. डब्यात पेटीतलंच पाणी भरा आणि लगेच चालू करा. पाणी उंचावरून पडेल असं नळीचं तोंड वर करा. एक तांब्या घ्या, पेटीतलं पाणी घ्या आणि उंचावरून पेटीतच ओतत राहा. थांबू नका. हवा त्यानेच मिसळते."

"बरं."

"बर्फ आता आणखी टाकू नका. एकदम गार झालं तरी मरतील." ती थांबली. "मुकादम?"

"आहे. कलतोय."

"आई," ती म्हणाली. फोन बंद झाला.

मी फिल्टर लावला. नळी बसेना, यांनी बसवली. बुडबुडे सुरू झाले. मग मी तांब्या घेतला. भरायचा, हात डोक्यापर्यंत न्यायचा, ओतायचा. भरायचा, न्यायचा, ओतायचा. पाणी कपाटावर उडत होतं, पॉलिशवरून ओघळून जमिनीवर जात होतं, माझ्या पायांपर्यंत. खांदा दुखायला लागला तेव्हा हे म्हणाले, "दे मी घेतो." मी दिला नाही. हे प्रायश्चित्त वगैरे मला कळत नाही. पण तो तांब्या दुसऱ्याच्या हातात देणं मला जमलं नाही.

कितीतरी वेळाने यांनी भिंग काढलं. "हिरव्यावर आली."

नाव नसलेला तो लहान केव्हाच गेला होता. दुसरे दोघे पाण्याच्या मध्यावर उतरले. मुकादम सगळ्यांत शेवटी. तो तळाशी गेला आणि वाळूवर पोट टेकवून बसला, सरळ. कल्ले अजून जोरात हलत होते, पण डाग वर होता, पाठीवर, जिथे असायला हवा तिथे.

मी सुनेला फोन केला. "मुकादम आहे. दोघे आहेत. लहान गेला."

"बरं," ती म्हणाली.

तिने मला काहीही बोलायला हवं होतं. माझ्या पद्धतीने बोलायला हवं होतं, चार शब्द, झोंबणारे. त्या "बरं"ला कुठे धरावं ते मला कळेना. ते मीच तिला जाताना दिलेलं "बरं" होतं.

*

लहानग्याला मी टाकला नाही. हे म्हणाले, कुंडीत पुरू. मी म्हटलं नाही, तिला दाखवल्याशिवाय पुरला तर तेही लपवणंच झालं. स्टीलच्या लहान डबीत ठेवून डबी समोरचीच्या फ्रीजरमध्ये ठेवायला दिली, आमच्या बर्फाच्या कप्प्यात ट्रेपुरतीच जागा. तिने "आत काय आहे?" विचारलं, मी सांगितलं. टोमणा मारला नाही. नुसती डबी घेतली.

सून सकाळी आली. पिशवी खांद्यावरून न काढताच पेटीसमोर बसली. मुकादम वाळूवरून उठला आणि तिच्यासमोर काचेशी आला. मग तिने कपाटावरून हात फिरवला. पॉलिश सगळं फुगून आलं होतं, साल निघाल्यासारखं.

"पुसून घ्यायचं होतं ना, आई," ती म्हणाली.

"राहू दे ते."

मी डबी आणून तिच्या हातात दिली. तिने उघडली, बघितली, बंद केली. "याला मी नाव ठेवणारच होते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पंखा चुकून बंद झाला ना? फेरीत?"

तिने मला दार उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. फेरीत झालं, सवय, म्हातारपण, सगळ्यांना पटलं असतं, फ्रीजची गोष्ट होतीच सोबतीला.

"नाही," मी म्हटलं. "बटणावरची पट्टी बघून राग आला. मुद्दाम केला."

तिचे डोळे भरले. मी तिला कधी रडवलं नव्हतं असं नाही, पण याआधी दरवेळी मला वाटायचं की खरं झोंबलं म्हणून रडते. त्या दिवशी तसं वाटून घ्यायला मला काही जागा नव्हती. ती उठून आत गेली. संध्याकाळी तिने आणि यांनी मिळून कुंडी उकरली. मला बोलावलं नाही, मी गेले नाही.

आता आम्ही बोलतो. घर चालतं. मुकादम ढकलायला पुन्हा लागला आहे, दोघांनाच. निळी बादली भरलेली असते आणि मी तिच्याभोवती पोछा फिरवते.

फक्त एक झालंय. कुठे जायला निघालो की मी माझी फेरी मारते, दार ओढते, आम्ही खाली उतरतो. अर्ध्या जिन्यात सून थांबते. "आई, आलेच हं," म्हणते आणि वर जाते. कुलूप उघडल्याचा आवाज येतो. पावलं पेटीपर्यंत जातात, थांबतात, परत येतात. कुलूप लागतं. पहिल्यांदा माझ्या कानशिलांपर्यंत राग चढला होता. मी पेटीपाशी गेलेलेसुद्धा नव्हते त्या दिवशी, लांबून वळले होते. पण ते तिला मी कुठल्या तोंडाने सांगू? माझ्या शब्दावर डोळे मिटून चालणारी होती ती. तिचे डोळे मीच उघडले.

परवा अशीच जिन्यात उभी होते, हातात पिशवी, वर तिची पावलं. समोरची बाजारातून वर येत होती. माझ्यापाशी थांबली.

"काय हो, काही राहिलं का घरात?"

"नाही," मी म्हटलं. "सून पंखा बघायला गेलीय. माझ्यावर भरवसा नाही तिचा."

वर कुलूप लागलं. मी कठड्याशी सरकून सुनेला उतरायला वाट करून दिली.